काचेतील चांदी आणि कामगाराचा हात



आपल्या जिल्ह्यातील तेर येथील लामतुरे संग्रहालयात जे गेले असतील, त्यांनी तेथे काचेचे जुने मणी पाहिले असतील. तेर म्हणजे प्राचीन तगर. काच ही आपल्या मुलखाला परकी वस्तू नाही, एवढे ते मणी सांगतात. आज मात्र आम्हांला काचेच्या एका विशेष करामतीबद्दल बोलावयाचे आहे.

काचेला रंग देण्याची नेहमीची रीत म्हणजे वितळलेल्या रसातच रंगद्रव्य टाकणे. दुसरी रीत तयार काच रंगविण्याची. चांदीचा क्षार मातीत कालवावयाचा, त्याचा लेप काचेवर द्यावयाचा आणि काच भट्टीत सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाची. निवल्यावर माती झाडून टाकली, की खाली सोन्यासारखा पिवळा रंग उमटलेला दिसतो. तो नखाने खरवडून निघत नाही. कारण तो काचेवर नसून काचेत असतो. आठव्या शतकात इजिप्तमधील कारागिरांना अशी कला अवगत होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील देवळांच्या खिडक्यांत हा पिवळा रंग आला. रंगीत काचचित्रांची तीच परंपरा पुढे मुंबईत आली. 1878 साली पुरा झालेल्या राजाबाई टॉवरमधील खिडक्या तिच्यातल्याच.

हे घडते कसे? काच वाळू, सोडा व चुना यांची बनते. तिच्यातील सोडियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, काहीसे सैल असतात. उष्णतेने ते बाहेर सरकतात आणि त्यांच्या जागी चांदीचे आयन शिरतात. गिरणीत पाळी बदलते तेव्हा एक कामगार उठतो आणि दुसरा त्याच यंत्रावर उभा राहतो, तसा हा प्रकार. एकाच्या जागी एकच! याला आयन-विनिमय म्हणतात. पुढे काचेतील लोहासारखी द्रव्ये या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यांची धातुरूप चांदी होते आणि तिचे अणू गोळा होऊन सूक्ष्म कण बनतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण अशा थोड्याच नॅनोमीटरांचे असतात. ते प्रकाशातील जांभळा-निळा भाग शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो.

कारागिरांना यातले काहीच ठाऊक नव्हते. धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा रंग निराळा असतो, हे सोन्याच्या लाल द्रवावरून फॅरडे यांनी 1857 साली लंडनमध्ये मांडले. त्याचे गणित जर्मनीत गुस्ताव मी यांनी 1908 साली सोडविले. म्हणजे हाताला जे साधले होते, ते डोक्याला उमगण्यास हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

त्याच 1908 साली आपल्या महाराष्ट्रात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी सांभाळली. 1916 साली ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. तेथे चांदीचे हे काम होत होते, असे आमचे म्हणणे नाही. मुद्दा वेगळा आहे. या दोन्ही ठिकाणी शिकलेले डोके आणि भट्टीपुढचा हात एकत्र आले, म्हणून स्वदेशी काच निर्माण झाली.

आज आयन-विनिमयाची विद्या प्रयोगशाळांत गेली आहे. आपल्या खिशातील अनेक मोबाईलची काचही याच तत्त्वाने बळकट होते. तेथे सोडियमच्या जागी मोठा पोटॅशियम शिरतो आणि पृष्ठभाग दाबून घट्ट करतो. ओगल्यांचा कारखाना मात्र बंद पडला. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. कारखाना बंद पडला, की यंत्रांची मोजदाद होते, भंगाराचे वजन होते. पण ज्वाळेच्या रंगावरून भट्टीचा ताव ओळखणाऱ्या माणसाची विद्या कोणी टिपून घेत नाही. तो घरी जातो आणि त्याच्याबरोबर ती विद्याही जाते.

म्हणून आमची विनंती एवढीच. आपल्या घरात, आळीत असा कोणी जुना कारागीर असेल, तर त्याच्यापाशी वही घेऊन बसा. त्याला कारण सांगता येणार नाही कदाचित. कृती तर सांगता येईल! कारण शोधणारा मागाहून येईल. चांदीच्या बाबतीत तो आलाच ना?