ट्रॅक्टर-ट्रॉलीची भारमर्यादा

ट्रॅक्टर-ट्रॉलीची भारमर्यादा म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत यंत्ररचनेच्या व कायद्याच्या दृष्टीने जास्तीत जास्त किती भार वाहता येतो, याची मर्यादा होय. एक वाहन दुसऱ्या वाहनाला ओढत असते तेथे, मग तो मोटारकारमागचा लहान ट्रेलर असो वा उसाने भरलेली जोडट्रॉली, हा प्रश्न उद्भवतोच. महाराष्ट्रात तो सर्वांत ठळकपणे दिसतो तो साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात.

सिरसाळा परिसर

सिरसाळा हे बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यातील गाव परळीहून तेलगाव, वडवणीमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. परळीजवळ पांगरी येथे वैद्यनाथ साखर कारखाना, तर तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असते. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि वाहतुकीचे ट्रॅक्टरही अनेकदा त्यांच्याबरोबर जातात. पूर्वी बैलांनी ओढल्या जाणाऱ्या टायरगाड्याही आता अनेक ठिकाणी ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दिसतात.

तोडणी व वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. डिझेल, चालकाचा पगार आणि कारखान्याच्या रांगेतील तासन्‌तासांची प्रतीक्षा हा खर्च मात्र खेपेवर होतो. एका खेपेत दोन टन अधिक गेले, तर ते जवळजवळ निव्वळ उत्पन्न ठरते. अतिभाराचे मूळ चालकाच्या बेफिकिरीपेक्षा या हिशेबात अधिक आहे. शिवाय ऊस मोजला जातो तो कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे प्रवास संपल्यावर. शेतातून निघताना भार केवळ अंदाजाने ठरलेला असतो.

संज्ञा

रिकामे वजन म्हणजे मालाविना वाहनाचे वजन. एकूण वजन म्हणजे वाहन आणि माल मिळून नोंदणी अधिकाऱ्याने त्या वाहनासाठी मान्य केलेले वजन. या दोहोंतील फरक ही ट्रॉलीची मालवाहू क्षमता होय. ट्रॉली ‘पाच टनी’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा हा आकडा मालाचा की ट्रॉलीसह एकूण वजनाचा, हे नोंदणी प्रमाणपत्रावरूनच पाहावे लागते. फळ्या व लोखंडी दांडे लावून साटा उंच केल्याने जागा वाढते, मान्य भार वाढत नाही. तसेच ट्रॅक्टर किती भार ओढू शकतो आणि ट्रॉलीचा अ‍ॅक्सल व टायर किती भार पेलू शकतात, या दोन निराळ्या मर्यादा आहेत. त्यांपैकी जी लहान, तीच पाळावी लागते.

ओढणे आणि थांबवणे

‘ट्रॅक्टर ओढतो आहे ना, मग भार बरोबर आहे’ ही समजूत सर्वत्र आढळते. खालच्या गिअरमध्ये पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर आपल्या वजनाच्या कित्येक पट भार ओढतो, हे खरे आहे. मात्र तोच भार थांबवण्याची त्याची ताकद इंजिनावर नव्हे, तर मागच्या चाकांवरील वजन आणि रस्त्याची पकड यांवर अवलंबून असते. सामान्य ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि ट्रॉल्यांना पुष्कळदा ब्रेकच नसतात.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे. मागे प्रत्येकी २ टन वजनाच्या दोन ट्रॉल्या असून प्रत्येकीत ६ टन ऊस आहे. एकूण वजन १८ टन झाले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सुमारे दीड टन भार धरला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेकचा रेटा फार तर एक टनाइतका मिळतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर या रेट्याने सुमारे ३ मीटरांत थांबेल. १८ टनांच्या या गाडीला मात्र सुमारे २८ मीटर लागतील. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

उतारावर परिस्थिती अधिक बिकट होते. दर २० मीटरला १ मीटर उतार असेल, तर १८ टनांना उतारच ०.९ टनाच्या जोराने खाली ओढतो. म्हणजे ब्रेकचा बहुतेक रेटा तेथेच खर्च होतो. चिखलाने वा सांडलेल्या पाचटाने पकड निम्मी झाली की गाडी थांबण्याऐवजी वेग घेऊ लागते. मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात आणि तो आडवा होतो. खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग रोखणे आवश्यकच आहे, परंतु तो रोधही त्याच दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे त्याची मर्यादाही तीच राहते. खामगाव–पंढरपूर मार्गावरील तेलगाव ते धारूर दरम्यानच्या धारूर घाटात उसाचे ट्रॅक्टर उलटतात, त्यामागे हे गणित असते.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. शेतात वळण घेताना ही सोय उपयोगी पडते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने जोडलेली असली पाहिजेत, अन्यथा एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

हुकावरील भार

दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. माल पुढे अधिक रचल्यास ट्रॅक्टर मागून दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चढावर पुढचा भाग उचललाही जातो. माल मागे अधिक झाल्यास हूक वर ओढला जाऊन मागच्या चाकांची पकड कमी होते. चारचाकी ट्रॉलीत हा दोष कमी असतो.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचा समावेश होतो. म्हणून ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन वा ट्रेलर चालवता येत नाही. चालक मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने वा आज्ञेने घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. कलम ११४ खाली वाहन वजनास नेण्याचा अधिकार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ खालील दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाला आणि प्रत्येक अधिक टनामागे १,००० ऐवजी २,००० रुपये झाला. चार टन अधिक भार आढळल्यास २८,००० रुपये होतात. अधिकचा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ देता येत नाही.

मोटारकारचा ट्रेलर

मोटारकारसाठी ओढण्याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी. ती दिलेली नसल्यास गाडी त्या कामासाठी नाही असे समजावे. युरोपात ७५० किलोपेक्षा अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे.

भाराचा अंदाज

कारखान्याच्या वजनपावतीवर भरलेले, रिकामे व निव्वळ अशी तिन्ही वजने असतात. भरलेले वजन घेताना ट्रॅक्टरही काट्यावर असेल, तर त्याचे वजन वजा करावे लागते. ट्रॉलीत किती थर व किती मोळ्या होत्या हे पावतीमागे लिहून ठेवले, तर चार-पाच खेपांत त्या ट्रॉलीसाठी पुरेसे भरवशाचे प्रमाण हाती येते. उसाची जात, मोळीचा आकार आणि पावसाने आलेली ओल यांनुसार ते बदलते.