फूल की दोन पाने?

मराठीत लिहिणारा गोमंतकीय दिसला की लोक हमखास विचारतात, "म्हणजे तुम्ही विलीनीकरणवाले ना?" ओपिनियन पोल झाला त्या दिवशी, १६ जानेवारी १९६७ रोजी, मी दहा वर्षांचा होतो. पण आमच्या घरात फूलही होते आणि दोन पानेही. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे गोवा वेगळा संघप्रदेश.

मामा पेडण्याचे. गाव कुळा-मुंडकारांचा. भाटकाराच्या कचाट्यातून सुटायचे तर महाराष्ट्रात गेलेले बरे, अशी त्यांची समजूत, आणि भाऊसाहेब बांदोडकर हा त्यांना आपला माणूस. देवळाच्या मंडपात मामा 'गोमन्तक' मोठ्याने वाचीत आणि पंधरा-वीस जण ऐकत. दुसरे वर्तमानपत्र तिथवर यायचेच नाही.

बाबा मडगावी मराठी शिकवीत. तिथे 'राष्ट्रमत' होते. संपादक चंद्रकांत केणी, आणि 'ब्रह्मास्त्र' सदरातून उदय भेंब्रे विलीनीकरणावर तुटून पडत. गंमत बघा, मराठी राज्यात जाऊ नका हे लोकांना पटवले जात होते ते मराठीतून! सभांमधून उल्हास बुयांव कोंकणी गात, ते वेगळेच.

बाबांची पंचाईत अशी की शाळेतले सहकारी फुलाचे, शेजारचे ख्रिस्ती कुटुंब पानांचे, आणि सासुरवाडी पेडण्याची. सोप्यावर राजकारण निघाले की ते पान लावायला आत जात. (खायचे पान!) अमेरिकेत लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या निवडणुकीत ओहायोतल्या एका परगण्याचा अभ्यास केला होता. दोन्हीकडून ओढले जाणारे लोक उशिरा ठरवतात, कित्येकदा मतदानाचा उत्साहच गमावतात, असे त्यांना आढळले. हे वाचले तेव्हा मला बाबाच आठवले.

पण बाबा मतदानाला गेले. गोवाच गेला म्हणा ना. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. एका घरातून एक माणूस गेला नाही तर वाड्यावर सगळ्यांना कळायचे. मला वाटते, गप्प बसणाऱ्यांनाही त्या शरमेनेच केंद्रावर नेले. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. बाबांचे मत कोणत्या बाजूला गेले, हे आईलाही कधी कळले नाही.

मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारले, त्याच गोव्याने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले! बाहेरच्यांना हे कोडे वाटते. मला नाही वाटत. फूल-पानांचा प्रश्न एका दिवसाचा होता. देवळाच्या मंडपातली बैठक मात्र रोजची होती, ती मोडली नव्हती.

मोडले ते आमच्याकडे. पुढची तीन वर्षे मामा चवथीला आले नाहीत. बाबांनी नक्की पानांनाच मत दिले असणार, अशी त्यांची खात्री होती. बाबांनी ना होकार दिला, ना नकार.

आता आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, पेडणे आणि मडगाव दोन्हीकडची मिळून बेचाळीस माणसे. राजकारण टाकायचे नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम. मामांच्या नातवाने वेगळा ग्रुप काढलाय, तिथे फक्त राजकारण चालते. मला त्यात घेतलेले नाही.