भेट आलेली फ्रेंच रेड वाइन



नाताळ जवळ आला की ऑफिसातले सहकारी, शेजारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील वाइनची बाटली भेट देतात. आपल्याकडे ती बहुधा शेगडीच्या वरच्या कपाटात उभी राहते, कारण वाइन जुनी तितकी चांगली असे आपण ऐकलेले असते. सात-आठ वर्षांनी उघडावी तर शिळी लागते, आणि देणाऱ्याने "कशी होती?" विचारले की पंचाईत! खरे तर बहुतेक वाइन काही वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. म्हणून बाटली ठेवून देण्याआधी लेबल वाचावे.

फ्रेंच लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाचे नाव नसते, प्रदेशाचे असते. देवगड म्हटले की आपल्याला हापूस कळतो, तसेच. 'बोजोले' म्हणजे गामे जातीचे द्राक्ष, हलकी आणि फळांच्या वासाची वाइन. त्यातली 'नुव्हो' नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपवावी. 'बोर्दो' म्हणजे मुख्यतः मेर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यों. नुसते 'बोर्दो' लिहिले असेल तर तीन-चार वर्षांत उघडा. 'पोयाक'सारखे गावाचे नाव आणि नामांकित शातो असेल तर मात्र दहा वर्षेही थांबता येते. अशी बाटली आडवी, अंधारात, थंड जागी ठेवावी. 'शातोमध्येच बाटलीबंद' या अर्थाची फ्रेंच ओळ पाहून भारावून जाऊ नये, ती दर्जाची हमी नव्हे.

तरुण बोर्दोचा पहिला घोट तोंड आखडवतो. अनेकांना वाटते, वाइन बिघडली. तसे नाही. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने किंवा जांभळाने जिभेवर जे होते तेच हे. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. वयाबरोबर हा तुरटपणा मऊ होतो. थांबायचे नसेल तर तासभर आधी वाइन रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. नुसते बूच काढून फारसा उपयोग नाही, बाटलीच्या अरुंद गळ्यातून हवा लागते किती?

दुसरा उपाय जेवणाचा. मटण किंवा जुने चीज बरोबर असले की टॅनिन सौम्य वाटते. तिखटाने मात्र ते आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. कोल्हापुरी तांबडा रस्सा आणि तरुण बोर्दो ही जोडी आम्हाला मुळीच पटत नाही. बेताच्या तिखटाचे सुके मटण चालेल. झणझणीत जेवणच असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बोजोले बरी. बोर्दोलाही हीटिंग लावलेली खोली गरमच पडते, १६ ते १८ अंश पुरे.

शाकाहारी मंडळींसाठी: वाइन नितळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरण्याची बोर्दोत जुनी पद्धत आहे. कडक पाळणाऱ्यांनी लेबलवर 'व्हेगन' लिहिले आहे का ते पाहावे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष समजावा; तो हवेने जात नाही.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घालावी.