उजेड पडणे : लघुप्रतिकृतींवरील रंगवलेल्या प्रकाशाविषयी एक टिपण

मराठीत उजेड 'पडतो', सावली 'पडते' आणि अंधारही 'पडतो'. ह्या तिन्हींसाठी भाषेने एकच क्रियापद योजावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जे पडते ते कशावर तरी पडते. म्हणजे उजेडाला पृष्ठभागाचा आधार लागतो. प्रभावळ मात्र 'पडत' नाही. ती देवामागे 'बसवतात'. लहान प्रतिकृतीवर दिवा किंवा आग केवळ रंगाने पेटल्यासारखी कशी भासवावी, ह्या प्रश्नाचे मर्म ह्या दोन क्रियापदांतील भेदात आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार नाशिकच्या संदर्भात करावयाचा आहे.

तांब्यापितळेच्या कामासाठी नाशिकची ख्याती जुनी आहे. देव्हाऱ्यातील पितळी मूर्तीमागची प्रभावळ हे तेजाचे चिन्ह होय. 'प्रभा' आणि 'आवली' ह्या शब्दांतून तिचे नाव सिद्ध झाले. पण वस्तू म्हणून ती मूर्तीइतकीच घन आहे. समोरच्या समईचा उजेड घेऊन ती झळकते. स्वतःचा उजेड मूर्तीच्या गालावर किंवा खांद्यावर टाकीत नाही. ह्यात कारागिराचे निरीक्षण उणे पडले असे मानणे चुकीचे ठरेल. त्याला देवाचे तेज सांगावयाचे होते. दिवा कोठे आहे हे दाखवावयाचे नव्हते.

दिवा दाखविण्याचे काम किती निराळे आहे, हे सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांच्या प्रसिद्ध जलरंगचित्रात दिसते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र अनेकांकडून राजा रविवर्म्याचे समजले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. त्यातील स्त्रीने दिवा हाताआड धरला आहे. तो पेटलेला आहे हे आपणांस कळते ते बोटांच्या कडांवरील लालीमुळे, चेहऱ्यावर आणि वस्त्रावर क्रमाने मंदावत गेलेल्या उजेडामुळे आणि भोवतालच्या काळोखामुळे. पारदर्शक जलरंगात कागदाच्या पांढरेपणाहून उजळ असे काहीच नसते. चित्रकाराला उजेड वाढविता येत नाही. इतर सर्व काही काळवंडून त्याला जागा करून द्यावी लागते.

प्रतिकृतीवर हेच काम अधिक अवघड होते. चित्राच्या सपाट पृष्ठभागावर छायाप्रकाशाची सर्व व्यवस्था चित्रकाराच्या हाती असते. प्रतिकृतीला उंचसखलपणा असल्यामुळे तिच्यावर खोलीतला खरा उजेडही पडतो, आणि तो रंगवलेल्या उजेडाशी भांडतो. शिवाय पाहणारा बाजूने फिरतो. म्हणून आज हौसेने लघुप्रतिकृती रंगविणारे काही नियम कसोशीने पाळतात. दिव्याचा गाभा सर्वांत फिकट ठेवावयाचा. दिव्याच्या समोर येणाऱ्या पृष्ठभागांनाच त्याच्या रंगाची झाक द्यावयाची. अंतर वाढेल तशी ती विरळ करावयाची. आणि पाठीमागच्या बाजू कोऱ्या सोडावयाच्या. सरसकट सर्वत्र नारिंगी फासला, तर उजेड दिसत नाही. नुसता रंग सांडलेला दिसतो.

आता त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे (१८७०–१९४४) वळू. आद्य चित्रपटनिर्माते म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु त्यापूर्वीची त्यांची तयारी सहसा ओझरती सांगितली जाते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. ज्या रंगमंचावर खऱ्या दिव्यांचा उजेड पडतो, त्याच्यासाठी रंगविलेला देखावा तयार करणे हे प्रतिकृतिकाराच्या कोड्याचेच मोठे रूप होय.

१९१७ साली नाशिक येथे फाळक्यांनी 'लंकादहन' निर्माण केला, तेव्हा ह्या कोड्यात आणखी एका अडचणीची भर पडली होती. त्या काळच्या फिल्मला तांबड्या रंगाची जाणीव जवळजवळ नव्हती. तांबडे ते काळे उमटे. सर्व रंगांची दखल घेणारी फिल्म प्रचारात आली ती १९२० नंतरच्या दशकात. अर्थात भिंतीवर तांबड्या-नारिंगी रंगाने आगीची झळाळी रंगविली असती, तर डोळ्यांना ती पेटलेली आणि पडद्यावर मात्र विझलेली दिसली असती. जी भिंत कॅमेऱ्यात पेटावयाची, तिची योजना रंगाने नव्हे तर काळ्यापांढऱ्या छटांच्या प्रमाणाने करणे भाग होते. रंगांची पुंजी काढून घेतल्यावर उजेडाचे जे उरते, तेच त्याचे सत्त्व होय, हे येथे स्पष्ट होते.

ह्या तिन्ही उदाहरणांवरून एकच निष्कर्ष निघतो. उजेड हा रंग नव्हे. तो दोन पृष्ठभागांमधील संबंध आहे. बोलणाऱ्यांनी 'पडणे' हे क्रियापद निवडले तेव्हा हे ज्ञान भाषेत साठविले गेले होते. 'लंकादहना'चे आज काही तुकडेच उरले आहेत. चित्रपटांसाठी उभारलेले देखावे तर काम संपताच मोडले जात. अशा कलांचा इतिहास लिहिताना वस्तू नाहीशी झाली म्हणून थांबू नये. मूर्तिकार, पडदे रंगविणारे आणि प्रतिकृती घडविणारे ह्यांच्या बोलण्यात उजेडाची कोणती क्रियापदे वावरतात, हे त्यांच्याजवळ बसून टिपून घेतले पाहिजे. हात थांबले की शब्दही जातात, आणि मग संग्रहालयात उरलेली वस्तू पाहूनही ती कशी पेटत होती हे सांगणारा कोणी मिळत नाही.