बंगळुरूचे शिलालेख : सामायिक नकाशा आणि त्रिमितीय प्रतिमांतून इतिहासाचे जतन

बंगळुरू : माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगळुरू शहराचा लिखित इतिहास बाराशे वर्षांहून अधिक जुना आहे. तो ग्रंथांपेक्षा शिळांवर अधिक प्रमाणात कोरलेला आहे. मंदिरांची प्रांगणे, तलावांचे बांध, शेतांच्या कडा आणि जुन्या गावठाणांत या शिळा विखुरलेल्या आहेत. शहराच्या वेगवान विस्तारात त्या नष्ट होऊ नयेत, यासाठी नागरिक, अभ्यासक आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र येऊन त्यांची नकाशावर नोंद करण्याचे व त्रिमितीय प्रतिमा तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. सामूहिक ज्ञानसंवर्धनाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

म्हैसूर संस्थानातील शिलालेखांचे पहिले पद्धतशीर संकलन बेंजामिन लुईस राइस यांनी केले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेत त्यांनी सुमारे नऊ हजार लेख प्रसिद्ध केले. या मालेचा १९०५ मध्ये प्रकाशित झालेला नववा खंड बंगळुरू जिल्ह्यासाठी आहे. त्या काळी शाईचे ठसे घेऊन लेखांचे वाचन होत असे. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशने ठोकला जाई आणि त्यावर शाई फिरवून अक्षरे उमटवली जात. ही पद्धत आजही वापरात आहे; मात्र झिजलेली वा उथळ कोरलेली अक्षरे त्यात स्पष्ट उमटत नाहीत.

राइस यांच्या नोंदींत शिळेचे स्थान बहुधा गावाचे नाव आणि एखादे मंदिर, शेत वा तलाव एवढ्यावरच दिलेले असे. पुढे शेतांच्या जागी वसाहती आणि तलावांच्या जागी रस्ते आले. त्यामुळे ग्रंथात मजकूर आहे, पण शिळा कोठे आहे हे ठाऊक नाही, अशी स्थिती अनेक लेखांच्या बाबतीत निर्माण झाली. काही शिळा पायऱ्यांत बसविल्या गेल्या, काही भरावाखाली गाडल्या गेल्या.

प्रकल्पाचे स्वरूप

या शिळांचा शोध घेण्यासाठी आधी नागरिकांनी पुढाकार घेतला. जुन्या ग्रंथातील नोंदी हाती घेऊन प्रत्यक्ष ठिकाणी जाणे, ग्रामस्थांकडे चौकशी करणे, छायाचित्र काढणे आणि सापडलेल्या शिळेचे अक्षांश-रेखांश सर्वांना पाहता येतील अशा संगणकीय नकाशावर नोंदविणे, असे या कामाचे स्वरूप होते. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिथिक सोसायटी’ या बंगळुरूतील संशोधन संस्थेने २०२१ मध्ये शिलालेखांच्या त्रिमितीय जतनाचा प्रकल्प सुरू केला. पी. एल. उदयकुमार यांच्याकडे त्याचे नेतृत्व आहे.

त्रिमितीय स्कॅनर शिळेवर प्रकाशाचे आकृतिबंध टाकतो. पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे त्या आकृतिबंधात पडणारा फरक कॅमेरे टिपतात आणि त्यावरून लक्षावधी बिंदूंची स्थिती निश्चित होते. या बिंदूंपासून शिळेची आभासी प्रतिकृती तयार होते. संगणकाच्या पडद्यावर ती फिरवता येते, तिच्यावर कोणत्याही कोनातून कृत्रिम प्रकाश टाकता येतो, तसेच रंगाचे व शेवाळाचे डाग वगळून केवळ खोली पाहता येते. उघड्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरे त्यामुळे वाचता येऊ शकतात. जुन्या वाचनाविषयी शंका असल्यास दूरच्या अभ्यासकालाही तीच प्रतिकृती पाहून पडताळणी करता येते. ‘अक्षर भांडार’ या संगणकप्रणालीद्वारे लेखांच्या आणि त्यांतील प्रत्येक अक्षराच्या प्रतिमा, तसेच लेखांचा सारांश उपलब्ध करून देण्यात आला आहे.

लेखांतून उलगडणारा इतिहास

हेब्बाळ परिसरात २०१८ मध्ये खोदकामात एक वीरगळ सापडला. पश्चिम गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, इ. स. ७५० च्या सुमाराच्या या लेखात किट्टय्या नावाच्या वीराच्या मृत्यूची नोंद आहे. हेब्बाळ हे नाव ज्यापासून आले, ते ‘पेर्बोळल’ हे प्राचीन रूपही त्यात आढळते. नागरिकांच्या सहभागातून मंडप उभारून या शिळेचे जतन करण्यात आले.

बेगूर येथील नागेश्वर मंदिरातील इ. स. ९०० च्या सुमाराच्या लेखात बंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ याला एका वृद्धेने उकडलेल्या शेंगा दिल्या आणि त्यावरून शहराला नाव मिळाले, अशी लोककथा प्रसिद्ध आहे. परंतु बेगूरचा लेख वीर बल्लाळाच्या सुमारे तीन शतके आधीचा असल्याने ही व्युत्पत्ती टिकत नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वर मंदिराचा लेख विशेष महत्त्वाचा आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या मंदिराला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद १६६९ च्या या लेखात आहे. ‘वीरगळ’ हा मराठी शब्दही कन्नडमधील ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड या शब्दाशी नाते सांगतो.

मर्यादा आणि आव्हाने

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा, १९५८ मधील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत किमान शंभर वर्षे जुन्या शिलालेखांचाही समावेश होतो. मात्र या कायद्याचे संरक्षण राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या स्मारकांनाच मिळते. रस्त्याकडेच्या सुट्या शिळा बहुतांशी त्याबाहेर राहतात. अशा शिळांचे भवितव्य स्थानिक रहिवाशांच्या जागरूकतेवर अवलंबून असते.

त्रिमितीय प्रतिकृती मूळ शिळेची जागा घेऊ शकत नाही. दानाची जमीन, तलावाची सीमा किंवा लढाईचे ठिकाण शिळेच्या मूळ स्थानावरून समजते; ती हलविली गेल्यास हा संदर्भ तुटतो. संगणकीय संग्रहही कालांतराने नव्या स्वरूपांत रूपांतरित करत राहावा लागतो.

तरीही नकाशावरील नोंदीचा एक लाभ स्पष्ट आहे. शिळा कोठे आहे आणि तिच्यावर काय कोरले आहे हे परिसरातील लोकांना कळले, की तिच्याकडे केवळ दगड म्हणून पाहिले जात नाही. महाराष्ट्रातील गावोगावी मंदिरांच्या आवारात आणि वेशीवर नोंदीविना उभ्या असलेल्या असंख्य वीरगळांसाठीही ही पद्धत मार्गदर्शक ठरू शकते.