ढग समजून

फिनलंडला निघताना घरच्यांनी आणि टीममधल्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, नॉर्दर्न लाइट्स दिसले की लगेच फोटो टाक. कामासाठी तीन महिने ओउलूला राहायचं होतं. ओउलू जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मला वाटलं होतं की रोज जेवण झालं की गच्चीत जायचं, अरोरा बघायचा आणि झोपायचं. प्रत्यक्षात पहिले पाच आठवडे ढगच ढग. फोनमध्ये तीन अ‍ॅप्स, तिन्हींचे अलर्ट, आणि वर गोधडी पांघरल्यासारखं आकाश.

मग एका रात्री आकाश मोकळं झालं. नल्लिकारीच्या किनाऱ्यावर जाऊन दीड तास उभी राहिले. उत्तरेला क्षितिजाच्या जरा वर एक फिकट राखाडी पट्टा होता. आले पुन्हा ढग, असं म्हणून हातमोजे चढवले आणि बस स्टॉपकडे वळले. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक आजी समोरून येत होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘‘निघालीस? आत्ता तर सुरू झालंय.’’

‘‘कुठे?’’

त्यांनी त्याच राखाडी पट्ट्याकडे बोट दाखवलं.

मी फोन रेलिंगवर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढला. स्क्रीनवर हिरवागार पट्टा. मान वर केली, तर राखाडीच.

याचं कारण साधं आहे. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास बंद असतात आणि कारभार दंडपेशींकडे जातो. त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. अरोरा चांगला तेजस्वी असला तरच हिरवा दिसतो. कॅमेरा मात्र शटर उघडं ठेवून प्रकाश साठवत बसतो. हे सगळं मला माहीत होतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन आलेली मुलगी मी, देवयानी दीर्घिका फोटोत कशी दिसते आणि डोळ्यांना कशी, यावरची निराशा कॉलेजातच पचवून झाली होती. तरीही त्या रात्री फसवल्यासारखं वाटलं. अरोरा मी पाहिला की माझ्या फोननं? आणि त्या आजी भेटल्या नसत्या तर मी तो ढग म्हणूनच घरी नेला असता, त्याचं काय?

हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला बसले आणि लक्षात आलं की अरोराच्या इतिहासात माझ्यासारखे, वाट पाहणारे आणि हुकवणारे, बरेच आहेत. त्यात एडमंड हॅलीसुद्धा आहे, धूमकेतूवाला. हॅली १६५६मध्ये जन्मला, आणि त्याच्या तरुणपणाचा सगळा काळ सूर्य रजेवर गेल्यासारखा होता. साधारण १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग फार क्वचित दिसले. डाग नाहीत म्हणजे सूर्याकडून येणारी वादळं कमी, म्हणजे इंग्लंडच्या आकाशात अरोरा नाही. आकाशातल्या इतर सगळ्या चमत्कारांबद्दल लिहून झालं, हा एक तेवढा राहिला, आता काही दिसत नाही, अशी त्यानं आशा सोडली होती. १७१६च्या मार्चमध्ये तो दिसला तेव्हा हॅली एकोणसाठ वर्षांचा होता. त्यातही सुरुवात हुकली. महाशय घरात होते, कळल्यावर बाहेर धावले. उरलेली रात्र जागून त्यानं जे लिहिलं त्यात एक फार मोलाची गोष्ट होती: या प्रकाशाच्या कमानींची मांडणी पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाशी जुळते. त्यानं दिलेलं स्पष्टीकरण पुढे चुकीचं ठरलं, पण चुंबकाशी नातं आहे हे बरोबर निघालं.

हॅली नावाजलेला शास्त्रज्ञ होता, त्याच्या शब्दाला वजन होतं. पण कुणी एकट्यानंच काही पाहिलं तर? १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी रिचर्ड कॅरिंग्टनवर हीच वेळ आली. हा बिअर बनवणाऱ्या घराण्यातला मुलगा. रेडहिलला स्वतःच्या खर्चानं वेधशाळा बांधून तो रोज सूर्यावरचे डाग चितारत असे. त्या दिवशी डागांच्या एका मोठ्या समूहावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकले. त्याची पहिली प्रतिक्रिया मला फार आवडते: तो साक्षीदार शोधायला धावला. मिनिटभरात परत आला तर ठिपके फिके पडलेले. सगळा खेळ पाच मिनिटांचा. नशीब म्हणजे हायगेटला रिचर्ड हॉजसन नावाचा दुसरा हौशी माणूस त्याच वेळी सूर्याकडेच बघत होता, आणि त्यालाही ते दिसलं. दोघांनी एकमेकांशी न बोलता तेच लिहिलं, म्हणून विश्वास बसला.

त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक येऊन थडकलं. क्यूबापर्यंत अरोरा दिसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपोआप आलेल्या विजेवर तास-दोन तास संदेश पाठवले.

आणि मुंबईत? मुंबईत लख्ख दिवस होता. आकाशात काही दिसणं शक्यच नव्हतं. पण कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाची नोंद चोवीस तास, दर तासाला होत असे, आणि काही गडबड दिसली की पंधरा किंवा पाच मिनिटांनी. माणसानं डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं. त्या दुपारच्या आधी चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. तुलनेसाठी, मे २०२४च्या ज्या वादळानं सगळ्यांचे फोन गुलाबी-हिरव्या फोटोंनी भरले, त्यातली जागतिक सरासरी घसरण ४००च्या थोडी वर होती. गंमत अशी की लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत ही नोंद फोटोच्या कागदावर आपोआप होत होती, आणि ऐन वादळात रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला वही होती, त्यामुळे आकडा कितीही मोठा असला तरी मावला.

पुढे ट्रामसाठी मुंबईत वीज येणार म्हणून १९०४मध्ये ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. (‘अलिबाग से आया है क्या’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) कुलाब्याच्या त्या नोंदी मात्र तशाच पडून राहिल्या. १८५९चं वादळ नेमकं किती मोठं होतं हे ठरवायला त्यांचा खरा उपयोग झाला २००३मध्ये, मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी अमेरिका आणि ब्राझीलच्या संशोधकांबरोबर लिहिलेल्या निबंधात. मधे १४४ वर्षं गेली. माझ्या धंद्यात हे ओळखीचं आहे. सगळं लॉगमध्ये असतं. सर्व्हर पडल्यावर तिसऱ्या दिवशी कुणीतरी लॉग उघडतं आणि म्हणतं, अरे, हे तर मंगळवारपासून ओरडत होतं.

मुंबईच्या आकाशातही एकदा अरोरा दिसला आहे. ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री मुंबईत तो फिकट का होईना दिसल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली होती. १९ अंश अक्षांशावर. माझ्या आजोळी गिरगावात कुणी त्या रात्री आकाशाकडे पाहून वणवा किंवा आग समजून पुन्हा झोपलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण इतक्या दक्षिणेला येतो तो लाल भाग. अरोराचा नेहमीचा हिरवा रंग जमिनीपासून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा असतो, लाल त्याहून खूप वरचा, दोनशे किलोमीटरच्या पुढचा. उंच असल्यामुळे तोच लांबून, क्षितिजावरून डोकावतो. मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानले इथे जो लाल उजेड कॅमेऱ्यांनी टिपला तो हाच. तिथेही तो बघायला डोळ्यांपेक्षा कॅमेरा बरा होता. त्या रात्री मी पुण्यात ऑन-कॉल होते, म्हणजे पहाटेपर्यंत जागीच होते. खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. पाहून काही दिसलं नसतं, हे मान्य.

विसाव्या शतकात कॅमेरे आले, उपग्रह आले, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्यांची गरज संपत आली असं वाटू लागलं. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कार्ल गार्टलाइन स्वयंसेवकांकडून अरोराच्या नोंदी गोळा करत होते, पण ते त्या पद्धतीचे शेवटचे बहरीचे दिवस. नंतर उत्तर कॅनडात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसले. हौशी लोक राहिले ते सुंदर फोटो काढण्यापुरते.

आता स्टीव्हची गोष्ट.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात अरोरामागे गाड्या घेऊन धावणाऱ्यांचा एक फेसबुक गट आहे. या लोकांना अधूनमधून एक वेगळीच गोष्ट दिसायची: पूर्व-पश्चिम पसरलेली, जांभळट, अरुंद रिबन. नेहमीच्या अरोरापेक्षा दक्षिणेला, डोक्यावरून जाणारी, वीस मिनिटं ते तासभर टिकणारी, कधी खाली हिरव्या कुंपणाचे खांब असल्यासारखी. त्यांनी तिचं नाव ‘प्रोटॉन आर्क’ ठेवलं होतं. २०१६मध्ये कॅल्गरीच्या एका पबमध्ये त्यांची गाठ कॅल्गरी विद्यापीठातले एरिक डोनोव्हन आणि नासाच्या एलिझाबेथ मॅकडॉनल्ड यांच्याशी पडली. डोनोव्हन म्हणाले, प्रोटॉनचा अरोरा असा दिसत नाही, तो डोळ्यांना दिसतच नाही. इथे गोष्ट संपू शकली असती. तज्ज्ञानं हौशी माणसाला दुरुस्त केलं, दोघं घरी गेले. पण डोनोव्हननी पुढचा प्रश्न विचारला: मग हे आहे काय?

उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेव्हा गटातल्या क्रिस रॅट्झलॅफनं सुचवलं, सापडेपर्यंत याला स्टीव्ह म्हणू. ‘ओव्हर द हेज’ नावाच्या कार्टून सिनेमात प्राण्यांना समोर एक भलंमोठं कुंपण दिसतं, भीती वाटते, म्हणून ते त्याचं नाव स्टीव्ह ठेवतात. मला हे नाव फार शहाणपणाचं वाटतं. ‘प्रोटॉन आर्क’ म्हटल्यावर आपल्याला कळलंय असा भास होतो. स्टीव्ह म्हटल्यावर होत नाही. आम्ही व्हेरिएबलला ‘टेंप’ म्हणतो ते आळसानं, हे त्याच्या उलट.

मग डोनोव्हननी युरोपच्या स्वॉर्म उपग्रहांची माहिती उघडली. एक उपग्रह स्टीव्हमधून आरपार गेलेला सापडला. ३०० किलोमीटर उंचीवर तापमान एकदम ३,००० अंश सेल्सिअसनं चढलं होतं, आणि सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात वायू सेकंदाला सहा किलोमीटर वेगानं पश्चिमेकडे वाहत होता. पट्ट्याच्या बाहेर हाच वेग सेकंदाला दहा मीटर. मार्च २०१८मध्ये निबंध छापून आला, त्यात रॅट्झलॅफसारख्या हौशी लोकांची नावं लेखक म्हणून आहेत, आभारात नाहीत. त्याच वर्षी बेआ गायार्दो-लाकुर्त आणि सहकाऱ्यांनी २८ मार्च २००८ची एक घटना तपासली. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी स्टीव्ह टिपला होता, वरून उपग्रहही गेला होता. पण अरोरा ज्यामुळे होतो ते वरून कोसळणारे कण उपग्रहाला सापडले नाहीत. म्हणजे स्टीव्ह नेहमीच्या अर्थानं अरोरा नाहीच. अरोरा बघायला गेलेल्यांना दुसरंच काहीतरी सापडलं होतं. आणि २००८! विद्यापीठाच्या कॅमेऱ्यात तो आधीपासून होता, पण ‘हा कोण’ असं विचारणारं कुणी तिथे थंडीत उभं नव्हतं.

फिनलंडमध्ये असंच घडलंय, ते मला तिथे असतानाच कळलं. हेलसिंकी विद्यापीठाच्या मिन्ना पाल्मरोथ हौशी मंडळींच्या फोटोंमधून अरोराचे प्रकार सांगणारं पुस्तक करत होत्या. हजारो फोटो वर्गवारीत बसले, एक आकार बसेना: वाळूवरच्या लाटांसारखे समांतर हिरवे पट्टे. पुस्तक आल्यावर थोड्याच दिवसांत, ७ ऑक्टोबर २०१८ला, हौशी लोकांना ते पट्टे पुन्हा दिसले आणि त्यांनी लगेच कळवलं. दोन गावांतून काढलेल्या फोटोंत मागचे तारे जुळवून उंची काढली: साधारण १०० किलोमीटर. जिथे मोजमाप करणं सगळ्यात अवघड, फुगे पोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत, नेमका तोच थर. २०२०मध्ये निबंध आला. पट्ट्यांना ‘वाळूच्या टेकड्या’ हेच नाव राहिलं.

यातल्या कुणालाही शोध लावायचा नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना अरोरा बघायचा होता, बस. रात्रीमागून रात्री तेच बघितल्यामुळे जे नेहमीसारखं नाही ते त्यांना खुपलं. मला ते खुपलं नसतं, कारण नेहमीचं कसं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी परत फिरले आणि आजींच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी सांगितलं की फिनिशमध्ये याला ‘रेवोनतुलेत’ म्हणतात, कोल्ह्याची आग. कोल्हा शेपटीनं बर्फ उडवतो त्याच्या ठिणग्या. कुत्रा कंटाळून बसला. वीसेक मिनिटांनी पट्ट्याची खालची कड जरा धारदार झाली, एक-दोन उभ्या रेषा आल्या आणि विरल्या. त्यात मला एकदा हिरवट छटा दिसली. आजी म्हणाल्या, दिसली असेल. की फोटो बघून बसल्यामुळे दिसली, देव जाणे.

फिनलंडमधल्या उर्सा या खगोलसंस्थेची आकाशातल्या गोष्टी कळवायची सोय आहे, कुणीही लिहू शकतं. खोलीवर आल्यावर मी लिहायला बसले. ठिकाण, वेळ, दिशा, क्षितिजापासून साधारण किती वर: मूठ धरून मोजलं होतं, दीड मूठ. रंगापाशी अडले. बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं: फोनमध्ये हिरवा. डोळ्यांना राखाडी, आधी ढग वाटला.