फिजिक्स सायकल, केमिस्ट्री सायकल : अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसथांब्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या गप्पांत दोन शब्द हमखास कानी पडतात : ‘फिजिक्स सायकल’ आणि ‘केमिस्ट्री सायकल’. कर्नाटकात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे दोन गट पाडतात. एक गट पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र शिकतो, दुसरा रसायनशास्त्र. पुढच्या सत्रात अदलाबदल होते. त्यामुळे त्याच प्रयोगशाळा दोन्ही गटांना पुरतात. पण ज्याला संगणकच शिकायचा आहे, त्याने हे विषय शिकायचे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. पूर्वी अभियंता बहुतांशी कामावरच, जाणत्याच्या हाताखाली घडत असे. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निकची स्थापना झाली आणि वेगळा क्रम रूढ झाला : आधी सर्वांना गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, मग पूल, खाणी किंवा तोफखाना यांचे विशेष शिक्षण.

पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेतील कानस आणि लाकडी सांधे यांचे मूळ मात्र मॉस्कोत आहे. तिथे व्हिक्टर देला-व्होस यांनी कारागिरीची सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पाठांत विभागणी केली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती पद्धत पाहून एमआयटीने ती स्वीकारली, आणि पुढे ती दूरवर पसरली.

आपल्याकडची सुरुवात निराळ्या गरजेतून झाली. १८५४ मध्ये पुण्यात निघालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतू सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. नेमून दिलेले काम चोख व्हावे, एवढीच अपेक्षा. त्याच संस्थेत पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकले. तेही बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाल्यानंतर.

स्वातंत्र्यानंतर अपेक्षा बदलली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी कानपूरने अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने सर्व शाखांना विज्ञान, गणित व मानव्यविद्या यांचा समान गाभा दिला. अभियंत्याने केवळ माहीत असलेले काम करू नये, न पाहिलेला प्रश्नही सोडवावा, ही त्यामागची भूमिका.

विश्वेश्वरय्यांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये बेळगावी उभे राहिले. त्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र शाखागटांनुसार वेगळे झाले. संगणक गटाला त्यात क्वांटम संगणनाची ओळखही मिळते. म्हणजे ‘कशाला?’ या प्रश्नाला अभ्यासक्रमाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. मला तो स्वागतार्ह वाटतो, पण एक धोकाही दिसतो. उपयोग आजच्या नोकरीवरून ठरू लागला, तर आपण १८५४ च्या अपेक्षेकडेच परतू.

इलेक्ट्रॉनिक सिटीकडेच पाहा. येथील कंपन्यांनी स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशा सर्व शाखांचे पदवीधर घेतले आणि त्यांना संगणकाची भाषा शिकवली. ते ती शिकू शकले, यात त्या समान गाभ्याचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो.

म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन : ‘हे कुठे उपयोगी पडेल?’ असे वर्गात जरूर विचारा. आणि माझ्यासारख्या शिकवू पाहणाऱ्यांनी ‘परीक्षेत’ असे उत्तर देऊ नये. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा तो निर्णय कोणत्या कारणासाठी घेतला गेला, हे वेळापत्रकात लिहिलेले नसते. ते वर्गातच सांगावे लागते.

तुमच्या पहिल्या वर्षी ते कुणी सांगितले होते का?